बुडत्या जहाजांचा जमाखर्च

आंग्र्यांच्या आरमाराविषयी रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने जे थोडे, पण डोळसपणे लिहून ठेवले आहे, त्यातील एका तपशिलाकडे तोफा, तटबंदी आणि तहनामे यांच्या गर्दीत आपल्या वाचकांचे लक्ष सहसा जात नाही. वारा वाहत असला म्हणजे आंग्र्यांच्या गुराबा वाऱ्याच्याच वेगाने सावजावर चालून जात, आणि वारा पडून समुद्र निपचित झाला म्हणजे चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते पुढे होऊन त्या अवजड गुराबांना दोर लावीत आणि त्यांना ओढत रणात नेऊन उभे करीत, असे ऑर्म सांगतो. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत ते आरमार जळून खाक झाले आणि गलबतांच्या खलाशांची ही विद्याही त्याबरोबर दृष्टिआड झाली; परंतु एका जहाजाने दुसऱ्याला ओढावे ही गोष्ट आरमारी जीवनाइतकीच जुनी आहे आणि कोकण किनाऱ्याला ती परकी नव्हती, एवढे या नोंदीवरून निश्चित म्हणता येते.

मात्र गलबत हे स्वतः लढणारे जहाज होते. त्याच्यावर तोफा होत्या, चढाई करणारी माणसे होती, आणि ओढण्याचे काम हे त्याच्या अनेक कामांपैकी एक होते. ज्याच्या अंगी शत्रूला बुडवण्याची फारशी ऐपत नाही, परंतु आपले कोणी बुडू नये एवढ्याचसाठी जे सरकारी खजिन्यातून पैसा खर्चून मुद्दाम बांधले आहे, इतर जहाजे तुफानाच्या भयाने बंदर गाठीत असता ज्याने बंदर सोडून बाहेर पडावे अशी अपेक्षा आहे, असे जहाज ही कल्पना जगातील आरमारांना फार उशिरा सुचली, आणि सुचल्यावरही त्यांनी ती नाखुशीनेच पदरी घेतली. या नाखुशीचे कारण भित्रेपणा नव्हे, अज्ञानही नव्हे. ते हिशेबाच्या वहीत आहे. बुडवलेल्या शत्रूची गणना करता येते, जिंकलेल्या जहाजाची किंमत लावता येते. पण जे बुडायचे होते आणि बुडाले नाही, ते जमेच्या कोणत्या रकान्यात मांडावे, हे कोणत्याही दफ्तरातील कारकुनाला शिकवलेले नसते.

गंमत अशी की ब्रिटिश आरमारात वाफेच्या यंत्राने पाऊल टाकले ते ओढकामाच्याच निमित्ताने. १८२१ साली विकत घेतलेली 'मंकी' आणि पुढच्या वर्षी डेप्टफर्डच्या गोदीत बांधलेली 'कॉमेट' या दोन चाकांच्या आगबोटींचे मुख्य काम वारा अनुकूल नसताना शिडाच्या युद्धनौकांना नदीतून वर-खाली ओढण्याचे होते. धुराने काळवंडलेल्या या यंत्राकडे अॅडमिरल्टीतील (म्हणजे ब्रिटिश आरमाराच्या खात्यातील) वृद्ध अधिकाऱ्यांनी काहीशा तिरस्कारानेच पाहिले, आणि त्या तिरस्कारात पुढे येणाऱ्या दिवसांची जाणीव नव्हती असे म्हणवत नाही. टर्नरने १८३९ साली प्रदर्शनात मांडलेल्या प्रसिद्ध चित्रात ट्राफल्गारच्या लढाईत पराक्रम केलेली 'टेमेरेअर' ही युद्धनौका एका लहानशा टगच्या, म्हणजे ओढकाम करणाऱ्या आगबोटीच्या, मागून मोडीच्या धक्क्याकडे चालली आहे. वस्तुतः तिला दोन टगांनी ओढले होते, परंतु चित्रकाराला एकच पुरेसा वाटला. आणि त्या चित्राचे रसिक आजवर म्हाताऱ्या जहाजासाठी हळहळत आले, टगसाठी नव्हे.

शांत नदीतून धडधाकट जहाज ओढणे वेगळे आणि भर समुद्रात, तुफानात, सुकाणू तुटलेले, एका कुशीवर कललेले जहाज गाठून त्याला जिवंत बंदरात आणणे वेगळे. हे दुसरे काम एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांचे होते. रॉटरडॅमच्या स्मिट कंपनीसारख्या डच पेढ्यांनी ते नावारूपाला आणले. इंग्लंडात लिव्हरपूल-ग्लासगोच्या विमेदारांनी आपली स्वतंत्र संस्था उभारून साल्व्हेजची, म्हणजे संकटात सापडलेली जहाजे तारण्याची, जहाजे बाळगली. या व्यवहाराचा पाया एका करारात होता आणि तो करार लॉइड्सच्या छापील नमुन्याच्या रूपाने १९०८ सालापासून सर्वत्र रूढ झाला: यश आले तर वाचलेल्या मालमत्तेच्या मानाने मोबदला, यश आले नाही तर एक कवडीही नाही. दहा दिवस मृत्यूशी झुंजून शेवटच्या रात्री दोर तुटला, तर कोळसा, दोरखंड, माणसांचे पगार, सारे तारणाऱ्याच्या अंगावर पडे. हा करार कठोर असला तरी अन्यायाचा नव्हता, कारण यश आले असता मिळणारी रक्कम एखाद्या टगची किंमत फेडण्याइतकीही असू शके. म्हणून डच कप्तान तुफानाच्या वर्दीची वाट पाहत दूरदूरच्या बंदरांत महिनेच्या महिने तळ देऊन बसत.

सरकारी जहाजांना मात्र या वहीत खातेच नव्हते. युद्धनौकेने संकटग्रस्त व्यापारी जहाजाला ओढून आणले, तर तिच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना अॅडमिरल्टीच्या संमतीने इनाम मागता येई. पण खुद्द सरकारला आपल्या जहाजाच्या श्रमाबद्दल किंवा नुकसानीबद्दल मागणी करण्यास १८९४ च्या कायद्याने मज्जाव होता. शांततेच्या काळात या मज्जावाने कोणाचे काही अडले नाही. मग पहिले महायुद्ध आले, जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या आणि अर्धवट बुडवलेल्या जहाजांचा खच पडू लागला, खासगी टग अपुरे पडले, सरकारने स्वतः ते काम अंगावर घेतले, आणि १९१६ साली पार्लमेंटने एक छोटासा कायदा करून ठेवला की, सरकारी जहाज जर साल्व्हेजच्या सरंजामाने मुद्दाम सजवलेले असेल किंवा टग असेल, तर अॅडमिरल्टीला इतर तारणाऱ्यांप्रमाणेच मोबदला मागता येईल. एका कलमाच्या या कायद्याचे महत्त्व मला एखाद्या नाविक लढाईपेक्षा कमी वाटत नाही. कारण तारण्यासाठी बांधलेले जहाज ही सरकारी वस्तूंतील एक स्वतंत्र जात आहे, हे त्याने प्रथमच मान्य केले.

त्या युद्धातील साल्व्हेजचा कारभार फ्रेडरिक यंग या लिव्हरपूलच्या अनुभवी गृहस्थाच्या हाती होता, आणि त्याच्या हाताखालची काही जहाजे ही वास्तविक निवृत्त झालेली लढाऊ जहाजे होती. 'रेंजर' ही १८८० सालची गनबोट विमेदारांच्या संस्थेने केव्हाच विकत घेतली होती. 'रेसर' हे १८८४ सालचे जुने जहाज अॅडमिरल्टीने पंप, डेरिक आणि बुडी मारण्याची सामग्री चढवून या कामी लावले. १९१७ च्या जानेवारीत आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर 'लॉरेंटिक' हे जहाज पाणसुरुंगांवर आदळून ३५४ माणसांसह बुडाले, आणि त्याच्या पोटात अमेरिकेकडून घेतलेल्या युद्धसामग्रीची किंमत चुकवण्यासाठी निघालेल्या सोन्याच्या ३,२११ विटा होत्या. कमांडर डॅमंट आणि त्याचे पाणबुडे यांनी सुमारे वीस वाव खोलीवर, वादळांनी दाबून चपटे केलेल्या आणि वाळूने भरलेल्या त्या सांगाड्यातून १९२४ पर्यंत ३,१८६ विटा वर काढल्या. सोने असल्यामुळे या कामगिरीचा बोलबाला झाला. टगांचे नशीब तसे नव्हते. युद्धाच्या अखेरीस संतांची नावे देऊन सागरी टगांची एक मोठी मालिका सरकारने बांधायला घातली होती; बरेचसे टग तयार होईतो तह झाला, आणि ज्यांची गरज होती म्हणून ते बांधले तेच आता विकून टाकण्याची घाई सुरू झाली. राहिलेल्यांपैकी 'सेंट जेनी' १९३० च्या जानेवारीत फ्रान्सच्या किनाऱ्यालगत तुफानात गडप झाला.

दोन युद्धांमधल्या या वीस वर्षांच्या विसराळूपणाची किंमत किती झाली, हे १९३९ च्या मे-जूनमधील दोन घटना शेजारी ठेवून पाहिले असता कळते, आणि त्या इतक्या लागोपाठ घडल्या की जणू कोणी मुद्दाम तुलना करण्यासाठीच मांडल्या असाव्यात.

अमेरिकन आरमारात 'फाल्कन' नावाचे एक जहाज होते. १९१८ साली पाणसुरुंग वेचण्यासाठी ते बांधले गेले, उत्तर समुद्रातील सुरुंगांची रांग साफ करून परत आले, आणि मग टग, पाणबुड्यांचे तरते ठाणे, साल्व्हेजचे जहाज अशा एकेक कामात मुरत गेले. १९२५ साली आगबोटीच्या धडकेने बुडालेली 'एस-५१' ही पाणबुडी पुढच्या वर्षी एडवर्ड एल्सबर्ग या अधिकाऱ्याने पोकळ पोलादी पिंपांच्या साहाय्याने वर काढली, तेव्हा 'फाल्कन'च त्या कामाचा कणा होते. न्यूयॉर्कच्या तोंडाशी येता येता ती पाणबुडी खडकावर बसली आणि सारे श्रम पुन्हा करावे लागले, ही कथा एल्सबर्गने स्वतः लिहून ठेवली आहे. अशा कामांतून या जहाजावर जे शिक्षण साठले ते कोणत्याही नकाशावर उतरवता येण्यासारखे नव्हते. २३ मे १९३९ रोजी 'स्क्वालस' ही नवी पाणबुडी चाचणीच्या वेळी हवेची झडप उघडी राहून न्यू हॅम्पशरच्या किनाऱ्याजवळ २४० फुटांवर तळाला गेली. मागच्या भागातील सव्वीस माणसे तत्काळ गेली, पुढच्या भागात तेहेतीस जिवंत होती. 'पेनाकूक' या टगने गळ टाकून ती कोठे आहे हे हुडकले, रात्रभर धावून 'फाल्कन' पहाटे येऊन पोहोचले, आणि चार दिशांना चार नांगर टाकून त्याने स्वतःला त्या जागेवर असे खिळवले की लाटांच्या हेलकाव्यात ते चार हातही सरकू नये. सरकले असते तर सारे व्यर्थ होते; कारण घंटेच्या आकाराचा पोलादी बचाव-कक्ष एका तारेच्या आधाराने खाली पाणबुडीच्या दरवाजावर नेमका बसवायचा, त्यातील पाणी काढून टाकायचे, आणि मग दार उघडून माणसे घ्यायची, हा सारा व्यवहार वरचे जहाज स्थिर राहण्यावर अवलंबून होता. चार खेपांत तेहेतीसही माणसे वर आली. शेवटच्या खेपेला तार उकलू लागली आणि तो कक्ष अंधारात, मधल्या पाण्यात तासन् तास लोंबकळत राहिला. अखेर खलाशांनी तो हातांनी, इंचाइंचाने ओढून काढला.

यानंतर दहा दिवसांच्या आत, १ जून रोजी, इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लिव्हरपूलच्या उपसागरात 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी अशीच चाचणीत बुडाली. नळीची तपासणी करण्याच्या बारीक भोकात रंग बसल्यामुळे ते बंद झाले होते आणि नळीत समुद्र भरला आहे हे कोणाला समजले नाही. तिच्यावर त्या दिवशी गोदीतील कारागीर धरून एकशे तीन माणसे होती. 'स्क्वालस' २४० फूट खाली होती. 'थेटिस'चे शेपूट दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याबाहेर उघडे दिसत होते. आणि तरीही नव्याण्णव माणसे मेली. सोबत असलेल्या 'ग्रीबकॉक' या भाड्याच्या टगजवळ अशा प्रसंगाचे काहीच साधन नव्हते, त्याची बिनतारी यंत्रणाही दुबळी होती. आरमाराचे बुडी मारणाऱ्यांचे जहाज 'टेडवर्थ' दूर स्कॉटलंडात होते आणि त्याला आधी कोळसा घ्यावा लागला. 'व्हिजिलंट' हे साल्व्हेजचे जहाज आले ते लिव्हरपूलच्या गोदी-मंडळाचे. शेपटाला घातलेला तारदोर तुटला आणि पाणबुडी पुन्हा खाली गेली. चौकशीत दोष कोणाचा हे पुष्कळ दिवस चर्चिले गेले. मला त्या प्रकरणातील खरा आरोपी अंदाजपत्रकात आढळतो: ज्या राष्ट्राजवळ जगातील सर्वांत मोठे आरमार होते, त्याने एक 'फाल्कन' पाळण्याचा खर्च वाचवला होता.

तीन महिन्यांनी युद्ध सुरू झाले, आणि जे वीस वर्षांत सुचले नव्हते ते वीस आठवड्यांत करण्याची पाळी आली. स्कॉटलंडच्या पश्चिमेस किंटायरच्या द्वीपकल्पावर कॅम्पबेलटाउन नावाचे मासेमारीचे लहानसे बंदर आहे. तेथे बचाव-टगांच्या दलाचे ठाणे स्थापन झाले. या दलाची माणसे आरमाराची नव्हती आणि आरमाराबाहेरचीही नव्हती: ट्रॉलरवर, नदीतल्या टगांवर, किनारी आगबोटींवर वाढलेल्या या खलाशांनी एका विशिष्ट करारावर सही करून व्यापारी नोकरीच्या अटी ठेवल्या, पण आरमाराची शिस्त पत्करली. अशा माणसांकडून सलामी नीट घडत नसे आणि गणवेशाविषयी त्यांची मते स्वतंत्र असत, पण तशीच माणसे या कामाला हवी होती. यॉर्कशरमधील सेल्बी येथे ऊझ नदीच्या अरुंद पात्रात कॉक्रेन यांच्या कारखान्यातून 'अॅशुरन्स' वर्गाचे एकवीस टग आडवे पाण्यात ढकलले गेले. लीथ येथे हेन्री रॉब यांनी 'बस्टलर' वर्गाचे आठ मोठे डिझेल टग बांधले, ज्यांची लांबी २०५ फूट होती. हॉलंड पडल्यावर 'झ्वार्ते झे'सारखे नामांकित डच टगही निसटून इंग्लंडात आले आणि त्यांचे कप्तान, जे परवापर्यंत मोबदल्यासाठी इंग्रजांशी स्पर्धा करीत होते, ते आता एकाच फलकावरून हुकूम घेऊ लागले.

या कामाची रीत समजल्याखेरीज त्यातील धोका समजत नाही. पाणतीराने फुटलेले जहाज आपल्या जागी उभे राहत नाही. ते वाऱ्याबरोबर, बहुधा आडवे, वाहत जाते. टगने त्याच्या नाळेसमोर इतके जवळ जायचे की फेकलेली बारीक दोरी पोहोचावी, पण इतके जवळ नाही की एका लाटेसरशी तो त्याच्या नाळेखाली चिरडावा. त्या बारीक दोरीला जाड दोर, जाड दोराला तारदोर, अशी एकामागून एक भर घालीत अखेर टगचा पोलादी दोर जखमी जहाजाच्या नांगराच्या साखळीला जोडला जातो. आणि त्या जहाजावर यंत्र बंद, वाफ नाही, वीज नाही, म्हणून ते टनभर वजनाचे लोखंड अनेकदा माणसांनी हातांनीच ओढून घ्यावे लागते. मग शेकडो वाव दोर समुद्रात सोडायचा. तो ताठ राहिला तर पहिल्याच मोठ्या लाटेला तुटणार. म्हणून त्याच्याच वजनाने तो पाण्यात खोल झोळीसारखा लोंबकळत राहावा आणि लाटेचा हिसका त्या झोळीने गिळून टाकावा, अशी योजना असते. ओढीचा हूक टगच्या शेपटाला नसतो, मध्याजवळ असतो, कारण शेपटाला दोर बांधला तर सुकाणू निरुपयोगी होते. पण मध्याला बांधलेला दोर मागच्या जहाजाने बाजूला खेचला तर टग आडवा पडून काही क्षणांत उलटतो. यात पाणबुड्यांची भर घाला: चार-पाच मैलांच्या गतीने चाललेले असे जोडजहाज शत्रूला सहज टिपता येण्यासारखे लक्ष्य आहे. 'अॅशुरन्स' वर्गातील काही टग शत्रूने नव्हे तर खडकांनी घेतले. खुद्द 'अॅशुरन्स' १९४१ च्या ऑक्टोबरात आयर्लंडच्या किनाऱ्यावर गेला. 'सेसमी' नॉर्मंडीच्या समोर, १९४४ साली दोस्तांचे सैन्य तेथे उतरल्यानंतर पाचव्या दिवशी पाणतीराने बुडाला.

लॉर्ड माउंटबॅटन, ज्यांना हिंदुस्थान शेवटचे व्हाइसरॉय म्हणून ओळखतो, त्यांची 'केली' ही विनाशिका १९४० च्या मे महिन्यात उत्तर समुद्रात पाणतीराने इतकी फाटली होती की ती तरंगते कशी हेच नवल होते. 'बुलडॉग' या विनाशिकेने आणि मग टगांनी तिला, वरून बॉम्ब आणि आजूबाजूने शत्रूच्या वेगवान बोटी यांच्या वर्षावात, सुमारे चार दिवस ओढून टाइन नदीत आणली. माउंटबॅटन यांच्या चरित्रकारांनी या प्रसंगातील त्यांच्या धैर्याचे यथोचित वर्णन केले आहे. तिला ओढणाऱ्यांतील 'ग्रेट एम्परर' या टगचे नाव मात्र त्या मानाने फारच थोड्यांना ठाऊक असते.

१९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीच्या उघड्या किनाऱ्यावर कृत्रिम बंदरे उभारण्याचा बेत ठरला, तेव्हा सैन्याच्या दृष्टीने प्रश्न काँक्रीटचा होता आणि आरमाराच्या दृष्टीने टगांचा. सहा-सहा हजार टनांपर्यंतच्या, इमारतीएवढ्या उंच पोकळ पेट्या इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ लपवण्यासाठी मुद्दाम तळाला बसवून ठेवल्या होत्या. त्या पुन्हा तरंगवायला लागणारे पंप नेमून दिलेल्या इंजिनिअरांजवळ पुरेसे नाहीत, हे ध्यानात आणून देणारा माणूस तोच एल्सबर्ग होता. त्याच्या आणि इतरांच्या तगाद्यामुळे काम अखेर साल्व्हेजच्या जाणत्या हातांत गेले आणि पेट्या वेळेवर उठल्या.

अमेरिकनांनी या विद्येकडे अधिक पद्धतशीरपणे पाहिले. 'नावाहो' हा त्यांच्या नव्या आरमारी टगांतील पहिला १९४० च्या आरंभी दाखल झाला. त्याची यंत्ररचना अशी की डिझेल इंजिनांनी वीज निर्माण करायची आणि विजेने पंखा फिरवायचा, म्हणजे गती अगदी हलकेच, दोराला हिसका न बसता वाढवता येते. त्या वर्गाच्या टगांना अमेरिकेतील आदिवासी जमातींची नावे देण्यात आली. ज्यांचा मुलूख घेतला त्यांचे नाव जहाजाला द्यायचे, या रिवाजाविषयी प्रत्येकाने आपापले मत करावे. 'सेमिनोल' १९४२ च्या ऑक्टोबरात ग्वाडलकनालपाशी जपानी विनाशिकांच्या तोफांना बळी पडला, आणि खुद्द 'नावाहो' पुढच्या वर्षी पेट्रोलची बार्ज ओढीत असता पाणबुडीच्या पाणतीराने गेला.

या वर्गाची खरी परीक्षा फोर्मोसाच्या समोर झाली. १९४४ च्या ऑक्टोबरात 'कॅनबेरा' आणि पाठोपाठ 'ह्यूस्टन' या दोन अमेरिकन क्रूझरांना विमानांतून टाकलेले पाणतीर लागले. दोघींची यंत्रे पाण्याखाली गेली, शत्रूचे विमानतळ हाकेच्या अंतरावर आणि आपले सुरक्षित ठिकाण, उलिथीचे प्रवाळद्वीप, हजारांहून अधिक मैल दूर. शहाणपणाचा हिशेब सांगत होता की माणसे काढून घ्यावीत आणि जहाजे आपणच बुडवावीत. तो हिशेब बाजूला ठेवून प्रथम इतर क्रूझरांनी आणि मग 'मन्सी' व 'पॉनी' या टगांनी त्यांना दोर लावले. अॅडमिरल हॉल्सी याने तर या रखडणाऱ्या जोडीचा जपानी आरमाराला बाहेर काढण्यासाठी आमिष म्हणून उपयोग करण्याचा बेत केला. १६ तारखेस विमाने पुन्हा आली आणि 'पॉनी'च्या मागे बांधलेल्या 'ह्यूस्टन'ला आणखी एक पाणतीर शेपटाशी बसला. अशा वेळी दोर तोडून टगने निघून जाणे कोणालाही लाजिरवाणे वाटले नसते, कारण क्रूझर बुडाली तर ती टगलाही आपल्याबरोबर नेऊ शकत होती. 'पॉनी'ने आपण धरून आहोत असे कळवले आणि चार मैलांच्या गतीने वाट चालू ठेवली. दहा हजार टनांच्या क्रूझरला दीड हजार टनांच्या आसपासचा टग ओढीत होता. २७ ऑक्टोबरला दोन्ही जहाजे उलिथीत नांगरली.

साल्व्हेजच्या कामाची दुसरी बाजू, म्हणजे बुडालेल्या जहाजांनी तुंबलेले बंदर मोकळे करण्याची, मुंबईने त्याच वर्षी अनुभवली. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' हे कापूस आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकत्र भरलेले जहाज फुटले. जवळचे 'जलपद्म' हे जहाज उचलून धक्क्यावर फेकले गेले, शेजारची जहाजे पाण्यात बसली आणि आग दिवसेंदिवस धुमसत राहिली. पुढे सात महिने आठ हजार माणसे राबली, पाच लाख टनांच्या आसपास ढिगारा हलवला, तेव्हा गोदी पूर्ववत झाली. एका दुपारचे नुकसान सात महिन्यांनी फिटले.

युद्ध संपताच जुनी सवय परत आली. टग विकले, भाड्याने दिले, परदेशी आरमारांना वाटले. लीथमध्ये बांधलेला 'टर्मॉइल' हा अॅडमिरल्टीचा 'बस्टलर' वर्गातील टग एका खासगी साल्व्हेज कंपनीकडे भाड्याने होता, म्हणजे सरकारी जहाज पुन्हा त्या जुन्या, यशावर पोसणाऱ्या करारात येऊन बसले होते. आणि त्याच्याच वाट्याला या विद्येचा सर्वांत प्रसिद्ध पराभव आला. १९५१ च्या नाताळात अटलांटिकच्या तुफानात 'फ्लाइंग एंटरप्राइज' या अमेरिकन मालवाहू जहाजाला तडा गेला, माल सरकला, जहाज एका कुशीवर कोसळले. उतारू आणि खलाशी उड्या टाकून दुसऱ्या जहाजांवर गेले. कप्तान कुर्ट कार्लसन एकटा राहिला. ३ जानेवारीच्या रात्री 'टर्मॉइल' पोहोचला, पण एकट्या माणसाला उतरत्या भिंतीसारख्या डेकवर ओढीचा दोर बांधता येईना. दुसऱ्या दिवशी टग लाटेबरोबर जहाजाच्या शेपटाशी भिडला त्या क्षणी टगचा मेट केनेथ डॅन्सी याने उडी घेऊन कठडा पकडला. ५ तारखेला दोर बसला, आणि साऱ्या युरोपातील वर्तमानपत्रे त्या दोराचे इंच मोजू लागली. जेथे पोहोचायचे ते फाल्मथ बंदर सुमारे चाळीस मैलांवर राहिले असता तो तुटला. १० जानेवारीच्या दुपारी पाण्याला टेकलेल्या धुराड्यावरून दोघे समुद्रात उतरले, 'टर्मॉइल'ने त्यांना उचलले, आणि थोड्याच वेळात जहाज गेले. कार्लसनची न्यूयॉर्कमध्ये कागदी फितींच्या वर्षावात मिरवणूक निघाली. जहाज बुडाले असल्यामुळे तारणाच्या मोबदल्याचा प्रश्न उरला नाही. आठवडाभराचे इंधन, दोर आणि जीव यांचा खर्च खर्चाच्याच बाजूला राहिला. कप्तान डॅन पार्कर आपला टग घेऊन पुढच्या वर्दीच्या वाटेवर परत गेला.

त्याआधी, १९५१ सालीच, 'अफ्रे' ही ब्रिटिश पाणबुडी पंचाहत्तर माणसांसह बेपत्ता झाली, तेव्हा सापडलेला सांगाडा तिचाच आहे हे 'रिक्लेम' या जहाजाने निश्चित केले. 'रिक्लेम' हे मूळचे युद्धकाळातील सागरी साल्व्हेज जहाजांच्या मालिकेतील. बांधणी चालू असतानाच ते खोल पाण्यात बुडी मारण्याच्या कामासाठी वळवले गेले होते. समुद्राच्या तळाशी सोडलेल्या दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यातून पाणबुडीचे नाव वाचले गेले ते त्याच्याच डेकवर. ब्रिटनला 'फाल्कन' मिळाले होते; फक्त 'थेटिस' बुडून बारा वर्षे झाली होती.

स्वतंत्र भारताच्या आरमाराने हा धडा तुलनेने लवकर घेतला. १९७१ च्या मार्चमध्ये रशियन बनावटीचे 'निस्तार' हे पाणबुडी-बचावाचे जहाज त्यात दाखल झाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विशाखापट्टणमच्या मुखाबाहेर बुडालेल्या 'गाझी' या पाकिस्तानी पाणबुडीच्या अवशेषांपर्यंत आपले पाणबुडे उतरले ते याच जहाजावरून. १९८९ साली ते सेवेतून निघाले. मध्यंतरी माझगाव गोदीत बांधलेल्या 'निरीक्षक'ने ते काम सांभाळले. 'निस्तार' हेच नाव धारण करणारे, विशाखापट्टणमच्याच हिंदुस्थान शिपयार्डात बांधलेले, सुमारे दहा हजार टनांचे नवे जहाज आरमारात आले ते १८ जुलै २०२५ रोजी.